शेवटचा मंत्र आधी फळतो

रांगेचा नियम तुम्हाला कोणी शिकवावा लागत नाही. तिकिटाच्या खिडकीवर जो आधी आला, त्याला तिकीट आधी. मध्येच कोणी घुसला तर मागचे दहा जण ओरडतात. पण सगळीच कामे काही रांगेच्या नियमाने होत नाहीत. घरी भाकरी भाजून टोपलीत एकीवर एक रचतात ती चवड आठवा. सर्वांत आधी भाजलेली भाकरी तळाशी असते आणि सर्वांत शेवटी भाजलेली वर. जेवायला बसल्यावर ताटात पहिल्यांदा पडते ती वरची, म्हणजे शेवटची. मडक्यांच्या उतरंडीचेही तसेच. तळाच्या मडक्यातले धान्य हवे असेल, तर आधी वरची मडकी उतरवावी लागतात.

रांग आणि चवड या एकमेकींच्या उलट अशा दोन व्यवस्था आहेत. रांगेत पहिल्याचा मान पहिला, चवडीत शेवटच्याचा मान पहिला. यांपैकी दुसऱ्या व्यवस्थेवर पत्त्यांचा एक प्रसिद्ध खेळ उभा आहे. त्या खेळाच्या एका नियमाविषयी आज मला तुमच्याशी आणि तुमच्या शिक्षकांशीही थोडे बोलायचे आहे.

खेळाचे नाव ‘मॅजिक: द गॅदरिंग’. तो रचला रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात चयनशास्त्र, म्हणजे वस्तूंच्या निवडी आणि मांडण्या मोजणारी गणिताची शाखा, हा त्याच्या डॉक्टरेटचा विषय होता. १९९३ साली ‘विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने हा खेळ बाजारात आणला. दोन खेळाडू म्हणजे दोन जादूगार, असे त्यात मानलेले असते. प्रत्येकापाशी आपण निवडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा असतो. काही पत्ते म्हणजे प्राणी, तर काही पत्ते म्हणजे मंत्र. ‘मंत्र’ या शब्दाने बिचकू नका. यातली जादू चित्रापुरती आहे. नियम मात्र खरे आहेत, आणि आपल्याला काम आहे ते नियमांशी.

नेहमीच्या बावन्न पत्त्यांत नियम खेळाचा असतो आणि पत्ता मुका असतो. इथे बहुतेक पत्त्यांवर त्यांचा स्वतःचा नियम छापलेला असतो. शिवाय ‘इन्स्टंट’ म्हणजे तात्काल या जातीचे पत्ते प्रतिस्पर्ध्याच्या पाळीतही टाकता येतात. खरी अडचण इथेच सुरू होते. एकाने मंत्र टाकला, त्याच क्षणी दुसऱ्यानेही टाकला, तर आधी कोणाचा लागू करायचा? ज्याचा हात आधी टेबलावर आपटला त्याचा? की ज्याचा आवाज मोठा त्याचा?

तीन-चार पत्ते घेऊन हा प्रश्न नीट पाहू. एक पत्ता आहे अस्वलाचा. त्यावर दोन आकडे असतात. बळ २ आणि टिकाव २. एका पाळीत अस्वलाला २ किंवा अधिक इजा झाली की ते मरते. दुसरा पत्ता ‘लाइटनिंग बोल्ट’, आपण त्याला ‘वीज’ म्हणू. तो ३ इजा करतो. तिसरा ‘जायंट ग्रोथ’, म्हणजे ‘वाढ’. त्याने प्राण्याचे बळ आणि टिकाव पाळी संपेपर्यंत ३-३ ने वाढतात. चौथा ‘काउंटरस्पेल’, म्हणजे ‘प्रतिमंत्र’. तो दुसऱ्याचा मंत्र फळण्याआधीच रद्द करतो.

आता समजा, अस्वल ‘अ’ या खेळाडूचे आहे. ‘ब’ त्याच्यावर वीज टाकतो. उत्तरादाखल ‘अ’ आपल्या अस्वलावर वाढ टाकतो. खेळाचा नियम सांगतो की, दोन्ही पत्ते चवडीसारखे एकावर एक ठेवलेले आहेत असे माना, आणि वरचा आधी सोडवा. वर आहे वाढ. म्हणून अस्वल आधी २-२ चे ५-५ होते. मग खालची वीज पडते. तिची इजा ३, टिकाव ५, म्हणजे अस्वल वाचले. एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “पाळी संपताना वाढ ओसरली की टिकाव पुन्हा २ होणार, मग ३ इजेने अस्वल मरणार नाही का?” शंका रास्त आहे आणि नियम करणाऱ्यांनी तिचाही विचार केलेला आहे. पाळी संपताना वाढ ओसरते त्याच क्षणी झालेली इजाही पुसली जाते.

आता क्रम उलटा करा. प्रथम ‘अ’ आपल्या अस्वलावर वाढ टाकतो. ती फळण्याआधी ‘ब’ उत्तर म्हणून वीज टाकतो. चवडीत आता वर वीज आहे. ती आधी सुटते. टिकाव अजून २ च असल्यामुळे अस्वल मरते. मग वाढीची वेळ येते, पण जिच्यावर ती टाकायची ती वस्तूच उरलेली नाही, म्हणून वाढ वाया जाते. अस्वल तेच, दोन्ही मंत्र तेच. फक्त क्रम बदलला आणि एका वेळी अस्वल जगले, दुसऱ्या वेळी मेले.

गणितात तुम्ही शिकला आहात की बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही. पण सगळ्या क्रिया बेरजेसारख्या सालस नसतात. ५ ला आधी दुप्पट करून मग ३ मिळवले तर १३ येतात. आधी ३ मिळवून मग दुप्पट केली तर १६ येतात. आधी मोजे आणि मग बूट, हा क्रम उलटून पाहा म्हणजे कळेल. जिथे क्रमाने उत्तर बदलते तिथे क्रम ठरवण्याचा पक्का नियम हवा, नाहीतर भांडण ठरलेले.

तुम्ही म्हणाल, इथे रांगेचाच नियम का लावला नाही? जो आधी बोलला त्याचा मंत्र आधी. लावून पाहा. ‘ब’ ने वीज टाकली. रांगेच्या नियमाने ती लगेच पडेल, आणि ‘अ’ च्या वाढीला काही अर्थच उरणार नाही. उत्तर द्यायचे असते ते अजून घडायच्या गोष्टीला. घडून गेलेल्या गोष्टीला कसले उत्तर? रांगेच्या नियमात जो पहिल्यांदा ओरडतो तो जिंकतो. चवडीच्या नियमात दुसऱ्याचे ऐकून, विचार करून बोलणाऱ्यालाही जागा राहते.

या चवडीच्या जोडीला आणखी एक नियम आहे, आणि माझ्या मते तोच या खेळाचा कणा आहे. कोणत्याही क्षणी मंत्र टाकण्याचा हक्क एकाच खेळाडूकडे असतो. त्याला आपण अग्रहक्क म्हणू. ज्याची पाळी चालू असेल त्याच्याकडे तो आधी जातो. त्याने काही टाकावे किंवा ‘पास’ म्हणावे. पास म्हटले की हक्क दुसऱ्याकडे जातो. मध्ये कोणी काही न टाकता दोघेही लागोपाठ पास म्हणाले, तरच चवडीतला वरचा एक पत्ता सुटतो. तो सुटला की अग्रहक्क पुन्हा पहिल्यापासून फिरतो. म्हणजे प्रत्येक पत्ता फळण्याआधी दोघांनाही विचारले जाते, “तुला काही म्हणायचे आहे का?” उत्तर येईपर्यंत काहीच पुढे सरकत नाही.

दोन गोष्टी खरोखरच एकाच क्षणी घडल्या तर? समजा, एकाच घटनेमुळे दोघांच्याही पत्त्यांवरचे परिणाम आपोआप सुरू झाले. तेव्हा ज्याची पाळी आहे त्याचे परिणाम आधी चवडीवर ठेवायचे आणि दुसऱ्याचे त्यांच्यावर. म्हणून दुसऱ्याचे आधी सुटतात. ‘एकाच क्षणी’ म्हणून हात झटकायला नियमाने वावच ठेवलेला नाही.

ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून इतकी सुटसुटीत नव्हती. १९९३ च्या मूळ खेळात तात्काल मंत्रांखेरीज ‘इंटरप्ट’ नावाची आणखी एक जात होती, आणि ती तात्काल मंत्रांपेक्षाही जलद मानली जाई. प्रतिमंत्र हा या जातीचा होता. इजा टाळण्याच्या मंत्रांसाठी एक वेगळा टप्पा राखून ठेवला होता. मंत्रांचा एक घोस सुटू लागला की तो पुरा संपेपर्यंत मध्ये नवे काही टाकता येत नसे. नवे पत्ते येत गेले तशी अपवादांची संख्या वाढली, अपवादांनाही अपवाद निघाले. शेवटी १९९९ साली सहाव्या आवृत्तीबरोबर नियम नव्याने बांधण्यात आले. इंटरप्ट ही जात रद्द झाली, ते सारे पत्ते तात्काल मंत्र झाले, इजा टाळण्याचा वेगळा टप्पा गेला आणि सर्वांसाठी एक चवड आली. पुढे २००९ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली. तोवर लढाईत होणारी इजाही चवडीवर ठेवत असत. तेव्हापासून ती थेट होऊ लागली.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या इतिहासाकडे लक्ष द्यावे. ग्रहांच्या गती समजावण्यासाठी जुन्या ज्योतिर्विदांनी वर्तुळांवर वर्तुळे रचली. केप्लरने एक लंबवर्तुळ घेतले आणि पुष्कळशी वर्तुळे निकामी झाली. ग्रहांचा नियम निसर्गाचा आणि पत्त्यांचा नियम माणसाचा, हा फरक खराच. पण अपवादांचे ओझे वाढू लागले की नवा अपवाद जोडण्यापेक्षा मूळ नियम तपासावा, हा धडा दोन्हीकडे एकच. आजही या खेळाचे संपूर्ण नियम अडीचशेहून अधिक पाने भरतात. तरीही मंत्रांच्या क्रमाचा गाभा तुम्ही वरच्या काही परिच्छेदांत समजून घेतलात, तो या दुरुस्तीमुळे.

आणि ही चवड काही पत्त्यांच्या खेळात जन्मलेली नाही. वहीत एक उदाहरण मांडा:

२ × (३ + (१० − (४ + १)))

तुम्ही सोडवायला कुठून सुरुवात करता? सर्वांत आतल्या कंसापासून. ४ + १ = ५, मग १० − ५ = ५, मग ३ + ५ = ८, आणि शेवटी २ × ८ = १६. जो कंस सर्वांत शेवटी उघडला तो सर्वांत आधी मिटला. संगणकही असेच करतो. एक काम अर्धवट ठेवून दुसरे हाती घ्यावे लागले, तर पहिल्या कामाची नोंद तो बाजूला ठेवतो. दुसऱ्यात तिसरे निघाले, तर दुसऱ्याची नोंद पहिल्यावर ठेवतो. तिसरे संपले की वरची नोंद उचलतो. ॲलन ट्यूरिंग याने १९४६ साली सादर केलेल्या संगणकाच्या आराखड्यात या क्रियांना चक्क ‘पुरणे’ आणि ‘उकरणे’ अशा अर्थाची नावे दिली होती. १९५७ मध्ये जर्मनीत फ्रीड्रिश बाउअर आणि क्लाउस झामेलझोन यांनी या कल्पनेवर पेटंटसाठी अर्ज केला. तुमच्या हातातल्या फोनमध्ये आज क्षणाक्षणाला अशा असंख्य चवडी रचल्या आणि उपसल्या जात असतात. २०१९ साली तर तीन अभ्यासकांनी याच खेळाच्या पत्त्यांची अशी मांडणी दाखवली, की तो डाव म्हणजे ट्यूरिंगचे काल्पनिक यंत्रच होऊन बसतो. अशा डावात पुढच्या सगळ्या खेळी ठरलेल्या असल्या, तरी शेवटी कोण जिंकणार हे प्रत्येक वेळी सांगू शकेल अशी कोणतीही रीत असू शकत नाही.

येथवर झाली माहिती. आता माझे मत सांगतो.

या खेळातल्या मंत्राच्या जातीचे नाव ‘तात्काल’ आहे, पण तो टाकायला हात जलद असावा लागत नाही. जो अडखळत बोलतो, ज्याला पत्ता दोनदा वाचावा लागतो, जो लाजाळू आहे, त्यालाही बोलण्याचा तितकाच हक्क मिळतो. तो हक्क कोणाच्या मेहेरबानीने मिळत नाही, नियमाने मिळतो. आपल्या वर्गांत मात्र बहुधा रांगेचा नियम चालतो, तोही धक्काबुक्कीच्या रांगेचा. शिक्षक प्रश्न विचारतात, चार हात झटकन वर जातात, त्यांपैकी एक जण उत्तर देतो आणि तास पुढे सरकतो. बाकीच्या चाळीस जणांपैकी कोणाचा विचार अर्ध्यावर होता, कोणाला अगदी वेगळे उत्तर सुचत होते, हे कोणालाच कळत नाही. ‘जलद’ म्हणजे ‘हुशार’ असा एक समज त्यातून नकळत मुलांच्या मनात रुजतो, आणि सावकाश विचार करणारी मुले स्वतःला ‘ढ’ समजू लागतात. हे नुकसान परीक्षेच्या गुणांहून मोठे आहे.

हे नुसते मत नाही, त्याला अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले. हेच थांबणे ३ सेकंदांवर किंवा त्याहून थोडे अधिक नेले, तेव्हा उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक येऊ लागली, गप्प राहणे कमी झाले, आणि ज्यांना ‘मागे पडलेली’ म्हणत असत ती मुलेही बोलू लागली. फरक फक्त दोन-तीन सेकंदांचा! शिक्षकांना माझी विनंती आहे ती एवढीच. हात वर झाले तरी क्षणभर थांबा, आणि उत्तर मिळाल्यावरही विचारा, “आणखी कोणाला काही म्हणायचे आहे का?” सर्वांनी ‘पास’ म्हटल्यावरच पुढच्या प्रश्नाकडे वळा.

यावर काही आक्षेप निघतील. पहिला वेळेचा. पस्तीस मिनिटांचा तास, त्यात अभ्यासक्रम संपवायचा, थांबायचे किती? आक्षेप खरा आहे. या खेळाच्या स्पर्धांतही रेंगाळण्याला मुभा नाही. उगाच वेळ काढणाऱ्याला ताकीद मिळते, आणि मुद्दाम वेळकाढूपणा केल्याचे ठरले तर त्याला स्पर्धेतून बाद करतात. पण नीट पाहा. तिथे शिक्षा आहे ती रेंगाळण्याला. झटपटपणाला बक्षीस मात्र नाही. पुरेसा वेळ देणे वेगळे आणि अमर्याद वेळ देणे वेगळे. वर्गातही ही रेघ ओढता येईल.

दुसरा आक्षेप पैशांचा. हे पत्ते बंद पाकिटांत विकले जातात आणि आत काय निघेल हे आधी कळत नाही. दुर्मीळ पत्त्याच्या आशेने मुले पाकिटामागून पाकीट घेत राहतात, हे मला मुळीच पसंत नाही. म्हणून मी तुम्हाला पत्ते विकत घ्यायला सांगत नाही. नियम फुकट आहे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे चौकोन कापा, त्यांवर ‘अस्वल’, ‘वीज’, ‘वाढ’, ‘प्रतिमंत्र’ असे लिहा, की झाले.

तिसरा आक्षेप असा, की चवडीत शेवटी बोलणाराच जिंकणार. मग हाही अन्यायच नव्हे का? नाही. शेवटचा मंत्र टाकायला तो हातात शिल्लक असावा लागतो आणि त्याची किंमत चुकवावी लागते. ज्याने आधीच सारे उधळले, त्याला शेवटची संधी मिळूनही ‘पास’च म्हणावे लागते. संधी दोघांनाही सारखी. तिचा उपयोग ज्याच्या त्याच्या तयारीवर.

आता पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन एक कोडे सोडवा. ‘ब’ ने अस्वलावर वीज टाकली. ‘अ’ ने विजेवर प्रतिमंत्र टाकला. ‘ब’ ने त्या प्रतिमंत्रावर दुसरा प्रतिमंत्र टाकला. ‘अ’ ने त्याच्यावर तिसरा. असे कितीही थर चढू द्या, प्रत्येक प्रतिमंत्र त्याच्या लगेच खालच्यावर. शेवटी अस्वल जगेल की मरेल? वरून एकेक पत्ता उचलत जा. एक, दोन, तीन, चार प्रतिमंत्र घेऊन पाहिलेत की नियम आपोआप दिसेल. प्रतिमंत्रांची संख्या विषम असेल तर अस्वल जगते, सम असेल तर मरते. हे असेच का होते याचे कारण मात्र मी सांगणार नाही. ते तुम्ही वहीत दोन ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा. मित्राला सापडायला उशीर लागत असेल, तर त्याच्या हातातून पत्ते ओढून घेऊ नका. त्याचा अग्रहक्क अजून संपलेला नाही.